कॅमेऱ्याला हालचाल कळते, बिबट्या कळत नाही: व्हिडिओतून हलणारी वस्तू वेगळी कशी काढतात?

२०२०च्या नोव्हेंबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसं दगावली. तूर आणि ज्वारी रानात उभी होती, पण एकट्यादुकट्याने शेतात जायला कुणी धजावत नव्हतं. वनविभागाने पिंजरे लावले, ट्रॅप कॅमेरे बसवले. शेवटी १८ डिसेंबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळी घालण्यात आली.

अशा भागात आखाड्यावर किंवा गोठ्यावर कॅमेरा बसवणं ही आता हौस राहिलेली नाही. पण कॅमेरा बसवला की रात्री दोन वाजता मोबाइल वाजतो, स्क्रीनवर ‘हालचाल आढळली’ असं येतं, आणि क्लिप उघडून बघावं तर उसाची पानं वाऱ्यावर हलत असतात. चार रात्री असं झालं की लोक अलर्ट बंद करून टाकतात. उलटंही होतं. तीच क्लिप गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते, कोपऱ्यातल्या करड्या डागावर कुणीतरी लाल गोल काढतं आणि सकाळपर्यंत तिन्ही वाड्यांत बिबट्या येऊन गेलेला असतो.

कॅमेरा खोटं बोलत नाही. तो जे सांगतो ते आपण ऐकतो त्यापेक्षा बरंच कमी असतं, एवढाच घोळ आहे. स्थिर कॅमेऱ्याच्या व्हिडिओतून हलणारी वस्तू आपोआप वेगळी काढण्याच्या तंत्राला ‘बॅकग्राउंड सबट्रॅक्शन’ म्हणतात. सरळ मराठीत पार्श्वभूमीची वजाबाकी. टोलनाक्यावरची वाहनमोजणी, मंदिरातल्या गर्दीचा अंदाज, दुकानातला सीसीटीव्ही, प्राण्यांच्या हालचालींचा अभ्यास अशा अनेक ठिकाणी पहिली पायरी हीच वजाबाकी असते.

वजाबाकी कसली?

डिजिटल चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. काळ्या-पांढऱ्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर संगणकाला दर सेकंदाला पाच कोटींहून जास्त वेळा एकच प्रश्न सोडवायचा असतो: हा पिक्सेल नेहमीसारखा आहे की बदललाय?

समजा, अंगणातल्या मातीचा एक पिक्सेल रिकाम्या वेळी १२० असतो. आता तिथून पांढरी शेळी गेली आणि आकडा २०० झाला. फरक ८०. मर्यादा २५ची ठेवली असेल तर ८० त्याच्या वर आहे, म्हणून तो पिक्सेल ‘पुढचा’, म्हणजे हलणाऱ्या वस्तूचा. शेजारचा पिक्सेल १२० चा १२३ झाला, तर फरक ३. तो ‘मागचा’, म्हणजे पार्श्वभूमीचा. सगळ्या पिक्सेलांचा असा निकाल लागला की पांढऱ्या-काळ्या रंगातलं एक छायाचित्र तयार होतं. शेळीचा आकार पांढरा, बाकी सगळं काळं. याला मास्क म्हणतात.

यात ‘शेळी’ हा शब्द कुठेच आलेला नाही. संगणकाला शेळी, माणूस, प्लॅस्टिकची पिशवी आणि बिबट्या यांत इथे काहीच फरक दिसत नाही. त्याच्यासाठी ते सगळे बदललेल्या पिक्सेलांचे पुंजके.

रिकामा फोटो आणायचा कुठून?

वजाबाकीला आधी एक रिकामं दृश्य लागतं. घराच्या अंगणात ते मिळेल, पण परळीच्या वैजनाथ मंदिराच्या पायऱ्यांवर महाशिवरात्रीच्या दिवशी कुठून आणणार? तिथे पायऱ्या रिकाम्या होण्याची वाट बघत बसलं तर दिवस जाईल.

यावरचा उपाय साधा आणि मोबाइलवरही करून बघण्यासारखा आहे. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का ठेवून थोड्या थोड्या वेळाने नऊ फोटो घ्या. समजा, पायरीच्या एका ठिपक्याचे नऊ आकडे असे आले: ११८, १२१, ११९, ६४, १२०, १२२, २१०, ११९, १२०. यातला ६४ म्हणजे काळं जाकीट घातलेला कुणी, २१० म्हणजे पांढऱ्या टोपीचे आजोबा. बाकी सात वेळा पायरीचा दगडच दिसला. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलला तर १२० येतो. दगडाचा खरा आकडा तोच. सरासरी काढली असती तर सुमारे १२४ आली असती, म्हणजे जाकीट आणि टोपी दोघांची पुसटशी छाया चित्रात राहिली असती. प्रत्येक पिक्सेलसाठी असा मधला आकडा घेतला की नऊ गर्दीच्या फोटोंतून एक रिकामं मंदिर तयार होतं. फोटोतून पर्यटक ‘गायब’ करण्याची जी युक्ती रील्सवर दिसते, तिच्यामागे बऱ्याचदा हाच हिशेब असतो.

अट एकच: तो ठिपका निम्म्याहून जास्त वेळा रिकामा दिसला पाहिजे. रांग इतकी दाट असेल की दगड क्वचितच दिसतो, तर मधला आकडा दगडाचा नसून माणसांचा येईल आणि संगणक गर्दीलाच जमीन समजेल.

नागपूरच्या इंजिनिअरची सुरुवात

या विषयाच्या सुरुवातीच्या पानांत एक महाराष्ट्रातलं नाव आहे. रमेश जैन यांनी १९६९ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीमधून, पदवी घेतली आणि पुढे आयआयटी खरगपूरमधून पीएचडी केली. जर्मनीतल्या हॅम्बर्ग विद्यापीठातले हान्स-हेल्मुट नागेल आणि जैन यांचा १९७९ सालचा शोधनिबंध प्रत्यक्ष रस्त्यावरच्या दृश्यांतून हलणाऱ्या वस्तू काढण्याबद्दल आहे. लागोपाठच्या फ्रेममधला फरक नुसता बघून सोडून न देता तो साठवत जायचा, आणि साठलेल्या फरकावरून वस्तू कुठली आणि मागचं दृश्य कुठलं ते ठरवायचं, असा त्यांचा मार्ग होता. संगणकाला एकेक चित्र पचवायला जड जायचं, त्या काळातलं हे काम आहे.

पुढे पार्श्वभूमी एकदाच न ठरवता ती चालू ठेवायची पद्धत रुळली. नवी फ्रेम आली की जुन्या पार्श्वभूमीचे ९९ टक्के आणि नव्या फ्रेमचा १ टक्का एकत्र करायचा. म्हणजे सकाळचं ऊन चढत गेलं तरी संगणकाच्या मनातलं अंगण हळूहळू उजळत जातं आणि ऊन ‘घुसखोर’ ठरत नाही. हा १ टक्का म्हणजे शिकण्याचा वेग. दिसायला किरकोळ असलेला हा आकडा पुढे सगळ्यात जास्त छळतो.

पवनचक्कीचं पातं आणि कुंडातलं पाणी

बालाघाटच्या माळावर उभ्या असलेल्या पवनचक्कीकडे कॅमेरा रोखला तर काय होईल? पात्याच्या वाटेवरचा एक पिक्सेल घ्या. एका क्षणी तिथे निळं आभाळ, पुढच्या क्षणी पांढरं पातं, परत आभाळ. सरासरी काढली तर जो फिकट निळा रंग येतो, तो प्रत्यक्षात तिथे कधीच नसतो. मग आभाळही ‘बदल’ ठरतं आणि पातंही. पवनचक्की चालू आहे तोवर अलर्ट थांबणार नाही.

बीड शहरातलं कंकालेश्वर मंदिर पाण्याच्या कुंडात उभं आहे. तिथेही हीच पंचाईत. पाण्यावरच्या लाटांनी एकच पिक्सेल कधी चमकतो, कधी काळवंडतो. उसाच्या फडाचं, लिंबाच्या फांदीचं, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याचंही तसंच. या गोष्टी हलतात खऱ्या, पण त्या पार्श्वभूमीच आहेत.

यावरचा तोडगा १९९० च्या दशकात निघाला. १९९७ मध्ये अमेरिकेत नीर फ्रीडमन आणि स्टुअर्ट रसेल यांनी रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी असं मांडलं की एका पिक्सेलला एकच चेहरा नसतो. तो कधी रस्ता असतो, कधी सावली, कधी गाडी. १९९९ मध्ये एमआयटीच्या ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी ही कल्पना अशी घडवली की पुढची अनेक वर्षं बहुतेकांनी तीच वापरली. प्रत्येक पिक्सेलसाठी संगणक तीन ते पाच ‘सवयी’ लक्षात ठेवतो. प्रत्येक सवयीत तीन गोष्टी असतात: तिचा सरासरी रंग, त्या रंगात होणारा नेहमीचा चढउतार, आणि ती किती वेळा दिसते. जी सवय वारंवार दिसते ती पार्श्वभूमी. पवनचक्कीच्या पिक्सेलला मग ‘आभाळ’ आणि ‘पातं’ अशा दोन सवयी लागतात आणि दोन्ही पार्श्वभूमीत जमा होतात. तिथून एखादी घार उडाली तर तिचा तपकिरी रंग दोन्हींत बसत नाही, म्हणून तेवढीच वेगळी निघते.

चढउतार वेगळा मोजण्याचा फायदा मोठा आहे. भिंतीचा पिक्सेल जेमतेम २-३ आकड्यांनी हलतो, म्हणून तिथे १५ चा फरकही संशयास्पद. उसाच्या फडात ४० चा फरकही रोजचा. म्हणजे मर्यादा प्रत्येक पिक्सेलला त्याच्या स्वभावाप्रमाणे मिळते.

२००४ मध्ये झोरान झिव्हकोविच यांनी यात सुधारणा केली: कुठल्या पिक्सेलला किती सवयी लागतील हे संगणकच ठरवतो. फुकट मिळणाऱ्या ‘ओपनसीव्ही’ या सॉफ्टवेअर-संग्रहात ही पद्धत ‘मॉग-टू’ नावाने आहे, आणि इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सीसीटीव्ही प्रोजेक्टांत तिचीच चलती असते. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातून आलेली ‘वाइब’ ही पद्धत वेगळ्या वाटेने जाते. ती सरासरी वगैरे काढत नाही. प्रत्येक पिक्सेलचे जुने २० नमुने जवळ ठेवते आणि नवा आकडा त्यातल्या किमान दोघांशी जुळला तर पार्श्वभूमी मानते. कुठला जुना नमुना फेकायचा ते चक्क चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. ऐकायला अजब वाटेल, पण चालते छान.

थांबला की गायब

आता आष्टीच्या रानातल्या प्रश्नाकडे. बिबट्या शिकार करताना पळत येत नाही. तो दबा धरून बसतो. वजाबाकीचं तंत्र नेमकं इथेच तोकडं पडतं.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. रात्रीच्या कॅमेऱ्यात मातीचा आकडा १२०, प्राण्याच्या अंगाचा १८०, मर्यादा २५. प्राणी आला, फरक ६०, अलर्ट वाजला. प्राणी तिथेच बसून राहिला. आता प्रत्येक फ्रेमला पार्श्वभूमी १ टक्क्याने त्याच्याकडे सरकते आहे. ८८ फ्रेममध्ये फरक २५ च्या खाली येतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर फक्त साडेतीन सेकंद. त्यानंतर संगणकाच्या लेखी तिथे काहीही नाही. प्राणी समोर बसलेला असूनही तो आता जमिनीचा भाग झालेला असतो.

शिकण्याचा वेग दहापट कमी केला, म्हणजे ०.१ टक्का ठेवला, तर ३५ सेकंद मिळतात. आणखी दहापट कमी केला तर जवळपास सहा मिनिटं. मग तसाच ठेवावा ना? ठेवला तर ढग आडवा येतो. श्रावणात ऊन-सावलीचा खेळ चालू असताना अंगणाचा उजेड काही सेकंदांत बदलतो. इतक्या सावकाश शिकणारा संगणक अख्खं अंगणच घुसखोर ठरवतो आणि अलर्टचा पाऊस पडतो.

अनेक सवयी सांभाळणारी पद्धतही यातून सुटत नाही. मॉग-टू ची मूळ सेटिंग मागच्या ५०० फ्रेम लक्षात ठेवण्याची आहे. त्या हिशेबाने एखादी नवी, न हलणारी वस्तू साधारण ५३ फ्रेममध्ये, म्हणजे दोनेक सेकंदांतच पार्श्वभूमीत गणली जाऊ शकते. रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांना हे चालून जातं, दबा धरणाऱ्या जनावराला नाही. सेटिंग न बदलता तीच प्रणाली शेतात लावणं म्हणजे कुलूप विकत घेऊन किल्ली त्यालाच अडकवून ठेवणं.

याचं दुसरं टोक आणखी मजेशीर आहे. प्राणी बराच वेळ बसला, पार्श्वभूमीत मुरला आणि मग उठून गेला. आता तिथे माती दिसते, पण संगणकाच्या आठवणीत तर प्राणी आहे. फरक पुन्हा ६०. म्हणजे रिकाम्या जागेवर प्राण्याच्या आकाराचा पांढरा डाग उमटतो आणि काही काळ तिथेच राहतो. या क्षेत्रातले लोक याला ‘घोस्ट’ म्हणतात, भूत. सीसीटीव्हीतली भुतं म्हणून फिरणाऱ्या क्लिपांशी याचा संबंध नाही, त्यांचं कारण बहुतेक वेळा लेन्सवरचा कोळी असतो. पण नाव चपखल आहे.

मग उपाय? एक मार्ग असा की ‘पुढचा’ ठरलेल्या पिक्सेलची पार्श्वभूमी बदलायचीच नाही. त्याने बसलेला प्राणी मुरत नाही, पण अंगणात उभा केलेला ट्रॅक्टरही जन्मभर घुसखोर राहतो. जास्त शहाणा मार्ग दोन आठवणी ठेवण्याचा: एक काही सेकंदांची, एक बऱ्याच मिनिटांची. दोन्हींच्या मते नवीन असेल ते हलतंय. लांब आठवणीला नवीन आणि छोट्या आठवणीला जुनं वाटत असेल, तर ते बाहेरून आलेलं आहे आणि आता थांबलेलं आहे. रेल्वे स्टेशनवर बेवारस बॅग शोधायला हीच युक्ती वापरतात. बसलेल्या बिबट्याला आणि बेवारस बॅगेला एकच नियम लागू पडतो.

बाकीच्या खोड्या

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या केंटारो तोयामा आणि सहकाऱ्यांनी या तंत्राला फसवणाऱ्या परिस्थितींची यादीच केली आणि त्यावर सात चाचणी-व्हिडिओ तयार केले: जागा बदललेली खुर्ची, दिवसभरात बदलणारा उजेड, अचानक लागलेला दिवा, हलणारं झाड, पार्श्वभूमीशी मिळताजुळता रंग, सुरुवातीपासूनच गर्दी, आणि एकाच रंगाची मोठी वस्तू, जिच्या आतला भाग हलल्याचं कळतच नाही. हेच तोयामा पुढे बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या स्थापनेत होते. यादीला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी बीडच्या एखाद्या शेतात एका रात्रीत तिच्यातल्या निम्म्या गोष्टी भेटतात.

अचानक लागलेला दिवा म्हणजे इथे उसाच्या ट्रॅक्टरचा हेडलाइट. तो रस्त्याच्या वळणावर आला की अख्खा फड उजळतो आणि लाखो पिक्सेल एकदम बदलतात. चांगली प्रणाली अशा वेळी एवढंच बघते की चित्राचा बहुतेक भाग एकाच क्षणी बदलला, म्हणजे हा उजेड आहे, जनावर नव्हे, आणि नव्याने सुरुवात करते. साधी प्रणाली अलर्ट पाठवते.

सावलीचं दुखणं दिवसाचं. वस्तूबरोबर तिची सावलीही हलते आणि मास्कमध्ये चिकटून येते. संध्याकाळी माणसापेक्षा त्याची सावली मोठी. सावलीची खूण अशी की रंग तोच राहतो, उजेड फक्त कमी होतो. मॉग-टू असे पिक्सेल पांढऱ्याऐवजी करड्या रंगात वेगळे दाखवतं. पण रात्री इन्फ्रारेड दिव्यावर चालणाऱ्या कॅमेऱ्यात रंगच नसतो, त्यामुळे ही खूणही हातातून जाते.

रात्रीचे इन्फ्रारेड दिवे आणखी एक उद्योग करतात. ते लेन्सच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे समोरून गेलेला किडा, कोळ्याचं जाळं किंवा पावसाचा थेंब ढळढळीत पांढरा चमकतो. दोन मिलिमीटरचा किडा चित्रात कुत्र्याएवढा दिसतो. खोट्या अलर्टवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आठवड्यातून एकदा काच पुसणं हा आहे, आणि तो कुणी करत नाही.

रंग जुळण्याचा त्रास बिबट्याच्या बाबतीत मुळावरच येतो. त्याच्या अंगावरचे ठिपके निसर्गाने नेमके याच कामासाठी दिलेत. वाळलेल्या गवतात त्याच्या अंगाचे काही पिक्सेल वेगळे निघतात, काही निघत नाहीत, आणि मास्कमध्ये एका प्राण्याऐवजी दहा-बारा तुकडे येतात. मग जवळचे तुकडे सांधायचे आणि अगदी बारीक ठिपके पुसून टाकायचे, अशी डागडुजी करावी लागते. जास्त पुसलं तर प्राणीच पुसला जातो.

ट्रॅप कॅमेरा वेगळा, रील वेगळी

वनविभाग झाडाला बांधतो तो ट्रॅप कॅमेरा सहसा पिक्सेलांची वजाबाकी करत बसत नाही. त्यात पीआयआर नावाचा सेन्सर असतो. समोरच्या उष्णतेत एकदम फरक पडला, म्हणजे गरम अंगाचं काही तिथून गेलं, की तो कॅमेऱ्याला जागं करतो. त्यामुळे बॅटरी बराच काळ पुरते. बॅटरी आणि सोलरवर चालणारे अनेक घरगुती कॅमेरेही आधी असेच जागे होतात. याचीही मर्यादा आहे. मे महिन्यात मराठवाड्याचं रान चाळिशीच्या पुढे तापलं की जनावराच्या अंगाची उष्णता आणि आसपासची उष्णता यांत फारसा फरक उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. उलट गरम हवेच्या झोताने हललेलं गवत त्याला चकवतं. टांझानियातल्या सेरेंगेटीत बसवलेल्या अशा कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांची मोजदाद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे १२ लाख छायाचित्र-संचांपैकी प्राणी असलेले सव्वातीन लाखांच्या आसपास होते. बाकी गवत.

आणि व्हिडिओ कॉलवर मागचं घर धूसर करून देणारं, किंवा रीलमध्ये तुम्हाला आयफेल टॉवरसमोर उभं करणारं फिल्टर? ते तिसरंच. तिथे मोबाइल हातात हलत असतो, म्हणजे अख्खी पार्श्वभूमीच हलते. वजाबाकीला आधार उरत नाही. लाखो चित्रं दाखवून ‘माणूस कसा दिसतो’ हे शिकवलेलं मॉडेल प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची कड शोधतं. म्हणून तुम्ही अगदी स्तब्ध बसलात तरी ते तुम्हाला विसरत नाही, पण हातातली कपबशी मात्र कधीकधी गिळून टाकतं.

मग ‘बिबट्या’ कोण ओळखतं?

ओळखण्याचं काम शिकवलेल्या मॉडेलचंच. पण असं मॉडेल प्रत्येक फ्रेमवर चालवायला ताकदवान चिप आणि वीज लागते, नाहीतर व्हिडिओ सतत इंटरनेटवरून पाठवावा लागतो. शेतात दोन्ही महाग. म्हणून बऱ्याच ठिकाणी कामाची वाटणी केलेली असते. स्वस्त वजाबाकी रात्रभर पहारा देते. काही बदललं की तेवढाच तुकडा कापून मोठ्या मॉडेलपुढे ठेवते. ते सांगतं की हे कुत्रं, हे माणूस, हे कदाचित बिबट्या. इतकं जुनं तंत्र अजून टिकून आहे ते यामुळेच.

पण मग पहिल्या पहारेकऱ्याने जे पाहिलंच नाही, ते दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. कितीही हुशार मॉडेल मागे बसवलं तरी पुढचा पहारा दोन सेकंदांत विसरणारा असेल तर उपयोग मर्यादित. ‘एआय कॅमेरा’ अशी पाटी लावून विकणाऱ्याला विचारण्याचा खरा प्रश्न हाच आहे: प्राणी समोर येऊन दहा मिनिटं न हलता बसला तर तुमचा कॅमेरा काय करतो? उत्तर नुसतं ऐकू नये. एखाद्याला रात्री पोतं पांघरून समोर बसवून बघावं.

ट्रॅप कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांसाठी ‘मेगाडिटेक्टर’ नावाचं मोफत मॉडेल जगभर वापरलं जातं. ते प्राणी, माणूस आणि वाहन एवढेच तीन भेद करतं. कुठला प्राणी ते सांगत नाही. रिकामी छायाचित्रं बाजूला काढली तरी अभ्यासकांचे आठवडे वाचतात. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या, साधारण ३० चौरस किलोमीटरच्या छोट्या राखीव क्षेत्रातही हेच गणित लागू पडतं, कारण मोर टिपायला लावलेल्या कॅमेऱ्यात मोरापेक्षा गवतच जास्त येणार. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबालगतच्या काही गावांत वाघ वेशीजवळ आला तर गावकऱ्यांना सावध करणारे एआय कॅमेरे बसवले गेले आहेत. तिथे कॅमेऱ्याच्या सूचनेवर माणसं घराबाहेर पडायचं की नाही ते ठरवतात, त्यामुळे चुकलेला अलर्ट आणि खोटा अलर्ट या दोन्हींची किंमत खरी असते.

कॅमेरा बसवताना

वजाबाकीला लागतो तो स्थिर कॅमेरा. बांबूला बांधलेला कॅमेरा वाऱ्याने बोटभर हलला तरी चित्रातली प्रत्येक कड ‘हालचाल’ ठरते. भिंत किंवा सिमेंटमध्ये रोवलेला खांब बरा. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये बहुधा ‘झोन’ आखायची सोय असते. उसाचा फड, रस्ता आणि आभाळ त्यातून वगळून फक्त गोठ्याचं दार आणि अंगण ठेवलं तर खोटे अलर्ट बरेच उतरतात. मात्र फड वगळला की फडातून येणारं काही दिसणार नाही, हे जाणून वगळावं. संवेदनशीलतेची पट्टी सर्वांत वर नेल्याने सुरक्षितता वाढत नाही, फक्त आवाज वाढतो, आणि आवाजाला कंटाळून अलर्टच बंद केला जातो. वीज जाऊन आली की कॅमेरा पार्श्वभूमी नव्याने शिकतो. त्या पहिल्या काही क्षणांत समोर जे असेल ते तो जमीन समजू शकतो. भारनियमनाच्या भागात कॅमेऱ्याला छोटी बॅटरी जोडलेली असावी ती एवढ्यासाठीही.

आणि ग्रुपवर क्लिप आली तर? ‘कॅमेऱ्याने पकडला’ याचा अर्थ काही पिक्सेल बदलले, इतकाच. डागाचा आकार आजूबाजूच्या ओळखीच्या वस्तूशी ताडून बघावा: दाराच्या उंचीच्या मानाने तो केवढा आहे, त्याची सावली जमिनीवर पडते का, तो जमिनीला टेकून चालतो की हवेत तरंगतो. तरंगत असेल तर बहुधा किडा. मूळ क्लिपवरची तारीख आणि वेळ कापलेली असेल तर ती जुनी किंवा दुसऱ्याच जिल्ह्यातली असण्याची शक्यता धरून चालावं. आणि डाग जमिनीला टेकून, चार पायांवर, खाली वाकून चालताना दिसला, तर ती क्लिप दहा ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावी आणि सकाळ होईपर्यंत टॉर्च घेऊन बघायला जाऊ नये.